घरी पहिल्यांदा रिलॅक्सर लावायचाय? आधी एक बट काप

प्रश्न असा आहे: "कर्वेनगरला राहते, वय २६. केस कुरळे, दाट, खांद्याच्या खाली. केमिकल कधीच केलेलं नाही. मेंदी मात्र दोन वर्षं लावत होते, शेवटची सात महिन्यांपूर्वी. पार्लरचा खर्च झेपत नाही म्हणून रविवार पेठेतून केस सरळ करायचा माईल्ड रिलॅक्सर आणलाय. आई लावून देणार आहे. बहिणीचं लग्न बारा दिवसांवर आलंय. काकू, कसं लावू? आणि आदल्या रात्री तेल लावून ठेवलं तर टाळू वाचते का?"

आधी लग्नाचं. लग्न होऊ दे, मग लाव. बारा दिवसांत काही बिघडलं तर निस्तरायला वेळ नाही, आणि नाही बिघडलं तरी फायदा नाही. बावीस वर्षं नवऱ्या आणि करवल्या तयार करतेय, त्या अनुभवाने सांगते, कुरळ्या केसांचा अंबाडा जसा बसतो तसा सरळ केसांचा बसत नाही. कुरळ्यांत पिना घसरत नाहीत, गजरा रात्रीपर्यंत जागचा हलत नाही. नुकतेच सरळ केलेले केस घेऊन मुली येतात तेव्हा अर्धा डबा पिना आणि अर्धी बाटली स्प्रे संपतो.

आता खोक्याकडे बघू. पुढे काय लिहिलंय ते सोड, मागची बारीक अक्षरं वाच. चष्मा लागत असेल तर आईचा घे. तुला एवढंच शोधायचंय की क्रीम कुठल्या घराण्यातली आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक स्ट्रेटनिंग क्रीममध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, सोबत न्यूट्रलायझरची दुसरी ट्यूब किंवा बाटली असते. आम्ही त्याला नुसतं थायो म्हणतो. दुसरं घराणं हायड्रॉक्साइडचं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तुंबलेलं बेसिन मोकळं करायला वापरतात तो कॉस्टिक सोडाच, नाहीतर 'नो-लाय' नावाने कॅल्शियम हायड्रॉक्साइडची क्रीम आणि ग्वानिडीन कार्बोनेटचं द्रावण, दोन्ही ऐन वेळी कालवायची. हे मूळचे आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या घट्ट, बारीक स्प्रिंगसारख्या केसांसाठी बनलेले रिलॅक्सर. अमेरिकेत त्यांच्या बऱ्याच घरांत आई मुलीला लावून देत आली आहे, त्यांची तिथे पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. तिथले व्हिडिओ बघून आपल्या मुली इथली थायो क्रीम त्या पद्धतीने लावतात आणि घोळ तिथे सुरू होतो.

दोन्ही घराणी केसातल्या गंधकाच्या सांध्यांवर काम करतात. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा, आणि केराटिनच्या दोऱ्या एकमेकींना गंधकाच्या जोडीने बांधलेल्या असतात. तुझ्या केसाला वळण आहे ते या जोड्या जिथे बसल्यात त्यामुळे. थायो जोडी सोडवतो, आणि न्यूट्रलायझर, ज्यात साधारणपणे हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ती नव्या जागी पुन्हा बांधतो. हायड्रॉक्साइड जोडीतला एक गंधक काढूनच टाकतो. तो सांधा पुन्हा तसा जुळत नाही. म्हणून एकावर दुसरं कधीच नाही, वर्ष झालं असलं तरी नाही. केस वाढून जुना भाग कापून जाईपर्यंत तो त्याच घराण्याचा.

हे मी माझ्या डोक्यावर शिकले. पार्लर सुरू करून दोनच वर्षं झाली होती. स्वतःच्या केसांचं रीबाँडिंग, म्हणजे थायोचंच काम, केलेलं होतं. मावसबहिणीने परदेशातून एक नो-लाय किट आणलं, वर 'माईल्ड' लिहिलेलं. म्हटलं, माईल्डच तर आहे. धुताना डाव्या कानामागचा झुपका हातात आला. दुखलंसुद्धा नाही, आणि त्यामुळेच जास्त घाबरले. कानामागे चार बोटं रुंद खुंट उरले होते. ते वाढेपर्यंत केस मोकळे सोडता आले नाहीत, आणि पार्लरवाल्या बाईनेच केस का बांधलेत असं गिऱ्हाइकं विचारायची.

तर 'माईल्ड' या शब्दाचा अर्थ नीट समजून घे. माईल्ड म्हणजे पातळ, रंगवलेल्या किंवा आधीच नाजूक झालेल्या केसांसाठी कमी ताकदीची क्रीम. 'चूक झाली तरी चालेल' असा त्याचा अर्थ नाही. केस काढायची जी क्रीम दुकानात मिळते, तिच्यातही थायोग्लायकोलेटच असतं, फक्त क्षार (अल्कली) बराच जास्त. सरळ करणं आणि गळून पडणं यांत फरक आहे तो ताकदीचा आणि मिनिटांचा. ताकद तू कमी घेतली आहेस, मिनिटं तुझ्या हातात आहेत.

आणि अपेक्षाही आत्ताच कमी कर. पार्लरमध्ये केस काचेसारखे सपाट होतात ते मधल्या टप्प्यात बट बट घेऊन गरम प्रेस फिरवल्यामुळे. घरी ते करू नकोस. सांधे सुटलेल्या केसावर अंदाजाने प्रेस मारली की केस तिथेच भाजतो. नुसत्या क्रीमने वळण सैल होईल, फुगारा कमी होईल, पावसाळ्यात सकाळी विंचरलेले केस डेक्कनला पोचेपर्यंत झाडूसारखे पसरणार नाहीत. पहिल्या वेळी एवढंच मिळवायचं. "अजून पाच मिनिटं ठेवलं असतं तर पूर्ण सरळ झाले असते" असं वाटलं तर समज की बरोबर वेळेला धुतलेस.

खोक्यावर केराटिन असेल आणि घटकांत ग्लायॉक्सिलिक ॲसिड दिसलं तर ते घरी उघडूच नकोस. २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका बाईची हकिगत मांडली होती. तीन वेळा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली, आणि क्रीममध्ये हेच आम्ल होतं. रिलॅक्सरबद्दलही कानावर असू दे: अमेरिकेतल्या 'सिस्टर स्टडी'त ३३,४९७ बायकांची जवळजवळ अकरा वर्षं नोंद ठेवली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण ४.०५ टक्के निघेल, कधीच न करणाऱ्यांत १.६४ टक्के. कुठली क्रीम, कुठला घटक हे त्यात नोंदलेलं नव्हतं, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असंही नाही. पण वर्षातून एकदा आणि दर दोन महिन्यांनी, यात मी तरी फरक करते. दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, दमा असेल, डोक्यात फोड किंवा खवड्या असतील तर आधी डॉक्टर.

तुझ्या मेंदीची मला क्रीमपेक्षा जास्त काळजी आहे. शुद्ध मेंदी केसावर थर धरते, मग क्रीम सगळीकडे एकसमान आत जात नाही. त्यामुळे सात महिन्यांत वाढलेला मुळाकडचा भाग लवकर सुटतो आणि खालचा तसाच राहतो. मग माणूस खालच्यासाठी थांबतो आणि वरचा जातो. आणि ती 'काळी मेंदी' असेल तर त्यात रंग असतो, कधी धातूचे क्षारही असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होऊ शकतात, अक्षरशः हाताला चटका लागेल इतके. म्हणूनच बट कापायची.

कानामागून, आतल्या बाजूने, काडेपेटीतल्या दोन-तीन काड्यांएवढी जाड बट काप. मुळाकडच्या टोकाला दोरा बांध म्हणजे वरचं-खालचं कळेल. जुन्या वाटीत ठेव, पण स्टीलच्या नको, काचेची किंवा प्लास्टिकची घे. क्रीम लाव, घड्याळ लाव. दर तीन मिनिटांनी बट उचल, क्रीम पुसून एक केस ओढून बघ. आधी तो स्प्रिंगसारखा पटकन मागे जातो. मग एक वेळ येते, केस हलकासा ताणला जातो आणि सावकाश मागे येतो. ती तुझी वेळ. त्यापुढे गेलीस की केस ताणला तर ताणलेलाच राहतो, बोटाला बुळबुळीत लागतो, उरलेल्या शिजलेल्या शेवया सकाळी हाताला लागतात तसा. हे मुद्दाम बघ. अर्धी बट बरोबर वेळेला धू आणि उरलेली शेवया होईपर्यंत ठेव. एकदा बोटांना तो स्पर्श कळला की डोक्यावर चूक होणार नाही. धुतलेल्या अर्ध्या बटेला न्यूट्रलायझर लाव, वाळव, दुसऱ्या दिवशी ओढून बघ. तुटली, किंवा न्यूट्रलायझर लावताना बट गरम झाली, तर तो खोका परत कर नाहीतर टाकून दे. किती मिनिटं लागली ते खोक्यावर पेनाने लिहून ठेव. खोक्यातल्या माहितीपत्रकात दिलेल्या कमाल वेळेपेक्षा तो आकडा कधीच मोठा नसावा.

त्याच दिवशी कोपराच्या आत किंवा कानामागे पॅच टेस्टही कर, पत्रकात सांगितलीय तशी, आणि ४८ तास वाट बघ. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

तेलाचं. आदल्या रात्री चंपी अजिबात नको. तेलाने थायो केसात नीट शिरत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे आई तेल चोळताना तिची नखं तुझ्या टाळूवर फिरणार. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात, दुसऱ्या दिवशी क्रीम तिथेच झोंबते. दोन दिवस आधीपासून टाळू खाजवायची नाही, दाताळ्या फणीने खरडायची नाही. टाळू वाचवायची तर पेट्रोलियम जेली: कपाळाची कड, कानाच्या पाळ्या, कानामागे, मानेवर. केसांवर नको. केस आधी धुवायचे की नाही ते पत्रकात असेल तसंच कर, कारण दोन घराण्यांचं उलट आहे. थायोला बहुधा स्वच्छ, कंडिशनर न लावलेले, वाळलेले केस लागतात, हायड्रॉक्साइडला दोन-तीन दिवस न धुतलेले. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर केसावर क्षार बसलेले असतात, खोल साफ करणाऱ्या शाम्पूने एक धुणं आठवडाभर आधी होऊ दे.

वार बघून ठरव. गुरुवार नको. महापालिकेचं "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" हे पेपरात येतं तेव्हा आपण भांडी-धुण्याचा विचार करतो, पण डोक्यावर क्रीम असताना नळाला नुसती हवा आली तर काय होतं ते मी एका गिऱ्हाइकाच्या फोनवर ऐकलंय. बिसलेरीच्या बाटल्या ओतत होती बिचारी. पाणी असलेल्या दिवशीसुद्धा दोन बादल्या कोमट पाणी भरून ठेव. बाथरूमचं दार लावून बसू नकोस, थायोचा वास नाकात जातो आणि डोकं धरतं. खिडकीजवळ बस, पंखा तोंडावर नको.

आता आईसाठी. हातमोजे घाला, तेही खोक्यातले पातळ नव्हे, मेडिकलच्या दुकानातले. तिचे केस आधी पूर्ण सोडवून घ्या, चार भाग करून चिमटे लावा, कारण क्रीम उघडल्यावर गुंता सोडवायला वेळ मिळत नाही. केस दाट आहेत तेव्हा भाग धरायला तिसरं कुणी असलं तर बरं. सुरुवात मागून, मानेच्या वरून. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या ओळी घ्या, ब्रशने क्रीम लावा, आणि मुळापासून एक-दीड सेंटिमीटर सोडून लावा. टाळूला क्रीम लागता कामा नये. कपाळावरची आणि कानशिलावरची लव सगळ्यात शेवटी, ती सगळ्यात आधी सुटते. घड्याळ पहिल्या ओळीला क्रीम लागली त्या क्षणापासून, शेवटच्या ओळीपासून नव्हे. सगळं लावायला पंधरा मिनिटांच्या वर लागत असतील तर जी ओळ आधी लावली ती आधी धुवायची, त्याच क्रमाने. बोटांनी हलकेच खाली गुळगुळीत करत राहा. फणी घालून ओढू नका, मऊ केस ओढला की लांब होतो, लांब झालेला केस पातळ होतो, आणि मग आठवडाभराने उशीवर सापडतो. केस सरळ करण्याचं काम क्रीमचं आहे, तुमच्या ताकदीचं नाही.

दर काही मिनिटांनी एक केस पुसून ओढून बघायचा, वाटीत बघितला तसा. फोन दुसऱ्या खोलीत.

थोडीशी चुरचुर आणि आग यात फरक करत बसू नकोस. आग झाली की धू. खोक्यावर पेनाने लिहिलेली मिनिटं झाली नसली तरी धू. त्या जागी लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही, नुसतं भरपूर साधं पाणी, आणि फोड आला तर त्वचारोगतज्ज्ञ. डोळ्यात गेलं तर नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं, आणि लगेच दवाखाना.

धुणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि माझ्याकडे बिघडलेली जी डोकी येतात त्यांतली बरीचशी इथे बिघडलेली असतात. कोमट पाण्याने, मान खाली घालून, निदान दहा मिनिटं. हाताला निसरडं लागायचं पूर्ण थांबेपर्यंत. मानेवरच्या दाट केसांत आत क्रीम राहते, बोटं घालून बघायचं. टॉवेलने घासायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. मग न्यूट्रलायझर, प्रत्येक बटेला, भरपूर, केस सरळ धरून, पत्रकातला पूर्ण वेळ. क्रीमची वेळ कमी चालेल, याची नाही. न्यूट्रलायझर कंजुषीने लावला तर सुटलेले सांधे सुटेच राहतात, केस पहिल्या दिवशी झकास दिसतात आणि तिसऱ्या आठवड्यात टोकं कुरतडल्यासारखी होतात. तुझी क्रीम हायड्रॉक्साइडची निघाली तर न्यूट्रलायझरऐवजी किटमधला आम्ल शाम्पू असेल. काहींचा फेस गुलाबी होतो, तो पांढरा येईपर्यंत तीन-चार वेळा.

त्यानंतर कंडिशनर, रुंद दाताची फणी, आणि वारा.

पुढचे तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे सारायचे नाहीत. पुण्यात हे अवघड, कारण हेल्मेट आणि त्याखालचा स्कार्फ. गाठ जिथे बसते तिथे केसाला बाक येतो आणि तो राहतो. हेल्मेट न घालता गाडी काढू नकोस म्हणजे झालं. तीन दिवस बसने जा, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी करून सोमवारची सुट्टी टाक. रंग दोन आठवड्यांनी, तोही हलका. मेंदी आता बंद.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. चौथ्या महिन्यात मुळाशी वळण दिसायला लागेल आणि तुझा हात खोक्याकडे जाईल. सहा महिने थांब. निदान पाच-सात सेंटिमीटर नवा केस असल्याशिवाय क्रीम फक्त नव्या भागावर ठेवणं घरच्या हाताला जमत नाही, आणि जुन्यावर दुसऱ्यांदा गेली की जिथे नवं-जुनं मिळतं तिथेच केस तुटतो. लावायचंच झालं तर जुन्या भागाला आधी जाड कंडिशनर थापून ठेव. खोका तोच, घराणं तेच. आणि वाटीतली ती बट फेकू नकोस, मिनिटं लिहून वहीत चिकटवून ठेव, सहा महिन्यांनी कुठलीही क्रीम आणलीस तरी आधी नवी बट कापून तिच्याशेजारी लावून बघायचीय.